पागे, विठ्ठल सखाराम
(२१ जुलै १९१०–१६ मार्च १९९०). महाराष्ट्रातील गांधीवादी लोकसेवक, विधान परिषदेचे सभापती (१९६०–७८) व रोजगार हमी योजनेचे जनक. जन्म सांगली जिल्ह्यातील बागणी येथे. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी भाग घेतला.

अवर्षणाच्या काळात सरकार दुष्काळी कामे काढी. ती कोठे व केव्हा काढावयाची, हे मात्र शासनाच्या इच्छेवर अवलंबून असे. काम ही मेहेरबानी नसून श्रम करू इच्छिणाऱ्याचा तो हक्क आहे, असे पागे यांचे प्रतिपादन होते. या कल्पनेचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झाला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात तिची निकड सर्वांना पटली. १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत अकुशल काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. त्यामुळे शहरी उत्पन्नाचा काही भाग ग्रामीण मजुरांकडे वळला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव व रस्ते ही कामे योजनेतून झाली आणि त्यांवरील मजुरांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमास याच अनुभवाचा आधार लाभला.