सभासद नोंदवही कोणाच्या कपाटात?

कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा असा सिमेंटचा पट्टा आहे आणि त्याला लागून राजुरा-वणीकडचा कोळशाचा. या पट्ट्यात युनियनच्या निवडणुकीवरून वाद झाला नाही असे वर्ष मला आठवत नाही. वाद होण्यात वावगे काही नाही. तो मिटवायचा कुठे आणि कशाच्या आधारावर, हे माझ्या आस्थेचे प्रश्न आहेत. गेली कित्येक वर्षे मी त्याचे एकच उत्तर देत आलो आहे: नोंदवहीच्या आधारावर, आणि वेळेत.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. कामगारांच्या वतीने मालकाशी कोणत्या युनियनने बोलायचे, ही एक निवडणूक. त्या युनियनच्या आत अध्यक्ष-सरचिटणीस कोण, ही दुसरी. गुप्त मतदान आले की सगळे तंटे संपतील असे सांगणारी मंडळी या दोन्हींची सरमिसळ करतात.

पहिल्या निवडणुकीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी १९४३ मध्ये युनियनच्या मान्यतेचे विधेयक आणले. १९४७ मध्ये दुरुस्ती कायदा मंजूर झाला, पण लागू कधी झालाच नाही. १९५८ मध्ये शिस्तसंहिता आली. १९६९ मध्ये गजेंद्रगडकर यांच्या कामगार आयोगाने सभासदसंख्येची पडताळणी की मतदान हा निर्णय नियोजित औद्योगिक संबंध आयोगावर सोपवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने युनियनच्या मान्यतेच्या १९७१ च्या कायद्यात तीस टक्के सभासदत्वाची अट घालून पडताळणीचा रस्ता धरला. कोळसा खाणींत पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून युनियनची ताकद मोजतात.

आपल्या सीमेपलीकडे, आसिफाबाद-बेल्लमपल्लीच्या सिंगरेणी खाणींत मात्र १९९८ पासून गुप्त मतदान होते. केंद्रीय कामगार आयुक्तांची यंत्रणा ते घेते. २०१२ आणि २०१७ मध्ये तेलंगणा बोग्गु गनी कार्मिक संघम जिंकला. पुढची निवडणूक मुदतीच्या वादात आणि न्यायालयात अडकत अडकत २७ डिसेंबर २०२३ ला झाली. तीत आयटकने इंटकला दोन हजारांहून थोड्या कमी मतांनी हरवले, आणि हा निकाल हरलेल्यांनीही मानला. या पद्धतीचा मला मनापासून आदर आहे. तरीही जिंकलेल्या संघटनेच्या आतली निवडणूक प्रामाणिक झाली की नाही, हे त्या मतपेटीतून कळत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे युनियनच्या आतल्या निवडणुकीकडे येतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने पदाधिकारी कोण हे ठरवण्याचा अधिकार युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाला दिला नव्हता. दोन गटांनी दोन याद्या आणून दिल्या की तो दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवी. महाराष्ट्राने १९६८ मध्ये त्या कायद्यात कलम २८-१अ घातले. पदाधिकारी कोण, सभासद कोण, कोणाला बेकायदा काढले, हिशेबाची पुस्तके कोणाकडे राहावीत, असे सगळे तंटे औद्योगिक न्यायालयात नेता येऊ लागले. किमान सहा महिने सभासद असलेला साधा कामगारही दाद मागू शकत होता. संघटनेच्या साध्या सभासदाला इतके बळ देणारे दुसरे कलम मला माहीत नाही. पण त्यात एक गाठ मारून ठेवली होती. निबंधकाची संमती लागे, आणि ती मिळेपर्यंत नव्या कार्यकारिणीची अर्धी मुदत निघून जाई.

हा युनियनचा घरगुती मामला आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये, असे म्हणणारे जुने सहकारी मला भेटत आले. त्यांना मी त्याच कायद्याचे कलम २० वाचून दाखवत असे. हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क त्या कलमाने प्रत्येक सभासदाला दिला होता. रात्रपाळी सुटल्यावर दोन्ही गटांना एका खोलीत समोरासमोर बसवायचे, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती नोंदवहीशी ताडायच्या, हे काम मी अनेकदा केले. मतदानाच्या आदल्या आठवड्यात एकाच हाताने फाडलेल्या पावत्यांची चळत दिसे. निवृत्त होऊन गावी गेलेल्यांची नावे यादीत आढळत, आणि वर्षानुवर्षे वर्गणी भरणारा पॅकिंग प्लान्टचा कामगार तीत नसे. नावे मोठ्याने वाचली जात. आक्षेप तिथेच लिहून घेत, दोन्ही बाजूंच्या सह्या होत. अशी यादी पक्की झाल्यावर झालेल्या मतदानात हरलेला माणूस कोर्टाची पायरी क्वचितच चढला.

तंटा वेळेत न मिटल्याची किंमत कोळसा कामगार जाणतात. इंटकच्या गटांचे भांडण न्यायालयात पडून राहिले, आणि कोळसा वेतन समितीच्या दहाव्या व अकराव्या करारांच्या वाटाघाटींत त्या संघटनेला जागा मिळाली नाही. एवढ्या जुन्या संघटनेचे सभासद आपल्याच पगाराच्या बोलणीत प्रतिनिधीविना राहिले.

आज मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. पूर्वी गेट मीटिंगमध्ये युनियनच्या घटनेची कलमे तोंडपाठ असलेले कामगार उठून प्रश्न विचारत. आता घटनेची प्रत मागितली की मागणाऱ्याकडेच संशयाने पाहतात. २००१ च्या दुरुस्तीने पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली, तरी बिनविरोध निवडीच्या कागदावर तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात. सिमेंटची पोती वाहणारा कंत्राटी कामगार तर बहुतेक नोंदवह्यांच्या बाहेरच आहे. त्याला सभासद करायला कायद्याने कधीच हरकत घेतली नव्हती. ती आपण घेतली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या कलम २२ ने पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा तंटा देशभर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात नेण्याची सोय केली आहे. संहितेतल्या बऱ्याच गोष्टींना माझा विरोध आहे आणि राहील. हे कलम मात्र चांगले आहे, आणि ते वापरले पाहिजे. त्यासाठी न्यायाधिकरणाची बैठक ठरावीक दिवशी गडचांदूरला भरवा, ही मागणी सगळ्या युनियननी मिळून शासनाकडे करावी. खाडा करून, पदरचे भाडे भरून कामगार तारखांना हेलपाटे घालू शकत नाही. आणि पुढच्या निवडणुकीच्या तीन महिने आधी प्रत्येक युनियनने आपली सभासद यादी, कंत्राटी कामगारांसकट, कार्यालयाच्या भिंतीवर लावावी.