शनिवारची शाळा, सोमवारचा वर्ग

छत्तीसगढच्या शिक्षण खात्याचे आदेश आज नवा रायपूरमधून निघतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्याचं मंत्रालय जुन्या शहरातून इथल्या महानदी भवनात आलं. लोक शिक्षण संचालनालयही इथेच, इंद्रावती भवनात. याच परिसरात परसद्याला शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं क्रिकेट स्टेडियम २००८ पासून उभं आहे. शिवाय राखी, नवागाव, कयाबांधा, उपरवारा ही जुनी गावं आहेत आणि त्यांच्या सरकारी प्राथमिक शाळाही आहेत. आदेश काढणारं टेबल, जगभरचे क्रिकेटपटू खेळून जातात ते मैदान आणि टाटपट्टीवर मांडी घालून बसलेली पहिलीची मुलं, सगळं एकाच टापूत. मुलांनी शाळेत रोज अंग हलवावं, हे गेल्या पंधरा वर्षांत वेगवेगळ्या निमित्तांनी सांगून झालं. त्यातलं टाटपट्टीपर्यंत काय पोचलं आणि काय वाटेतच राहिलं, याचा हा मागोवा.

सुरुवात १ एप्रिल २०१० पासून करावी लागते. त्या दिवशी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान असावं, प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचं साहित्य मिळावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकाचीही तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि त्यांनीच भाषा, गणित, परिसर, पोषण आहार, नोंदवह्या हे सगळं पाहायचं. म्हणजे लहान मुलांच्या हालचालीची जबाबदारी कायद्याने न बोलता वर्गशिक्षकाच्या गळ्यात घातली. ती कशी पार पाडायची, हे मात्र त्याला कोणी शिकवलं नाही.

खरं तर या मुलखाला हे शिकवणारे लोक पूर्वी होते. १९५६ पर्यंत रायपूर, नागपूर, वर्धा आणि अमरावती एकाच प्रांतात होते आणि शाळांचा कारभार नागपूरहून चालत असे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, हे सगळ्यांना माहीत असतं. शाळाशाळांत शिकवू शकतील अशी माणसं मंडळाने वर्षानुवर्षं तयार केली, ते काम मात्र मागे पडलं. तिकडे औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळेच्या दिनक्रमात आणले. सूर्यनमस्काराला माणसाच्या उंचीएवढी जागा पुरते. मैदान नाही, साहित्य नाही, ही सबबच उरत नाही. औंधचा प्रयोग टिकला त्याचं हे एक कारण, आणि राजा स्वतः रोज नमस्कार घालत असे हे दुसरं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती आणि नई तालीम निघाली. त्या वेळी प्रांताचे शिक्षणमंत्री होते रविशंकर शुक्ल, रायपूरला वकिली केलेले. त्यांची विद्यामंदिर योजनाही त्याच काळातली. मुलाने बसून ऐकायचं आणि घोकायचं, ही शाळेची रीत बदलावी, हात आणि अंग चालताचालता डोकं चालावं, हा त्या विचारामागचा गाभा होता. सूत आणि टकळी यांवरून वाद पुष्कळ झाले. पण हालचाल ही अभ्यासाची सुट्टी नसून अभ्यासाचाच भाग आहे, हे तेव्हा या प्रांतात धोरण म्हणून मांडलं गेलं होतं.

स्वातंत्र्यानंतर गाडी दुसऱ्या रुळावर गेली. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतून आलेल्या जनरल जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९६५ मध्ये तिचं रूपांतर नॅशनल फिटनेस कोअरमध्ये झालं. कवायत उत्तम होई, मुलं ताठ उभी राहात. पण शिकवणारा बाहेरून आलेला प्रशिक्षक असे आणि तो गेला की कवायतही जाई. शारीरिक शिक्षण हे वेगळ्या माणसाचं, वेगळ्या तासाचं आणि मोठ्या मुलांचं काम, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. प्राथमिक शाळेत त्याचा अवशेष म्हणून प्रार्थनेनंतरची पीटी उरली. हात वर, हात बाजूला, हात खाली, आणि मग दुपारपर्यंत बसकण.

त्याच सुमारास उलट दिशेचा प्रयोग ठाणे जिल्ह्यात चालला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवलं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. बडबडगीत म्हणताना मुलं बेडूक व्हायची, आगगाडी व्हायची, मोजता मोजता उड्या मारायची. पीटीचा वेगळा तास तिथे लागलाच नाही, कारण दिवसभराच्या शिकण्यातच ती होती. महाराष्ट्रातल्या बालवाड्यांनी यातलं बरंच उचललं. प्राथमिक शाळेने मात्र पहिलीच्या दारातच मुलांना बसायला सांगितलं.

हा सगळा वारसा छत्तीसगढला १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झालं तेव्हा आयता मिळायला हवा होता. मिळाली ती पीटी. २०१० नंतर मैदानांची मोजदाद झाली, कुंपणं झाली. पण इथल्या हवामानाचा हिशोब त्यात कोणी धरला नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि लगेच पाऊस लागतो. इथल्या काळ्या, चिकट जमिनीला ‘कन्हार’ म्हणतात. भिजली की चपलेला मण मण चिकटते. सप्टेंबरपर्यंत मैदानाचा चिखल असतो. मार्च उजाडला की ऊन तापतं आणि एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात. मधले चार-पाच महिने सोडले, तर मैदान असूनही मुलं वर्गातच. म्हणजे रोजची हालचाल हवी असेल तर तिची खरी जागा वर्गखोलीच.

२९ ऑगस्ट २०१९ ला फिट इंडिया सुरू झालं. शाळांसाठी ध्वज, तीन तारे, पाच तारे अशी श्रेणी आली. ध्वजासाठी शाळेत शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेला एक शिक्षक हवा, मैदान हवं, प्रत्येक तुकडीला रोज एक तास हवा. अट चांगली होती. पण पूर्तता शाळेने स्वतःच जाहीर करायची होती. दोन शिक्षकांत पाच वर्ग सांभाळणाऱ्या शाळेत रोजचा वेगळा तास आणायचा कुठून, याचं उत्तर त्या अर्जात नव्हतं. पुढच्याच मार्चमध्ये शाळा बंद पडल्या. कोरोनाच्या काळात राज्याने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे ऑनलाइन शिक्षण चालवलं. मोबाइल नसलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी झाडाखाली, चौथऱ्यावर, कोणाच्या ओसरीत मोहल्ला वर्ग घेतले. भिंती नव्हत्या, बाकं नव्हती. दगड-चिंचोके मोजत, जमिनीवर आखत शिकवावं लागलं. सक्तीने का होईना, पण अभ्यास आणि हालचाल तेव्हा एका अंगणात आले. शाळा उघडल्यावर मुलं पुन्हा रांगेत बसली आणि त्या अनुभवाची मोट कोणी बांधली नाही.

२०२२ हे या गोष्टीतलं सर्वांत गजबजलेलं वर्ष. राज्याने प्राथमिक आणि पूर्व माध्यमिक शाळांसाठी शनिवार बिनदप्तराचा केला. योग, व्यायाम, खेळ, कला यांसाठी एक अख्खा दिवस. दोन वर्षांनी महाराष्ट्रातही ‘आनंददायी शनिवार’ आला. शनिवारी मुलं खूश असतात, हे कोणीही मान्य करील. पण हालचालीला एक वार नेमून दिला की उरलेले पाच वार बसून राहायला मोकळे होतात. जेवण आठवड्यातून एकदाच भरपूर वाढावं, तसं ते झालं.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झालं. गिल्ली-डंडा, पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी, बाटी म्हणजे गोट्या, भौंरा म्हणजे भोवरा, बिल्लस म्हणजे ठिकरी, फुगडी, गेडी-दौड असे चौदा प्रकार, गाव ते राज्य अशा पायऱ्या. आजी-काकवा मैदानात उतरल्या, हे दृश्य राज्याने पहिल्यांदा पाहिलं. मात्र सर्वांत खालचा वयोगट अठरा वर्षांपर्यंतचा होता. सात वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच गटात. लहानग्यांच्या वाट्याला टाळ्या वाजवणं आलं. २०२३ च्या हरेलीच्या सणाला दुसरं सत्र सुरू झालं, डिसेंबरात सरकार बदललं आणि हा उत्सव थांबला. सरकारच्या नावाने चालणाऱ्या गोष्टीचं आयुष्य सरकारएवढंच.

त्या चौदा प्रकारांतल्या फुगडीकडे वर्गशिक्षकाच्या नजरेने पाहायला हवं होतं. छत्तीसगढची फुगडी हात धरून गिरक्या घ्यायची नसते. आपल्या बसफुगडीच्या जवळची आहे. उकिडवं बसायचं, एक पाय पुढे, एक मागे, उसळी घेत पाय बदलायचे, हातही त्याच तालात. जागा लागते दोन टाटपट्ट्यांमधली, साहित्य काहीच नाही, आणि प्रत्येक मुलीला ती घरूनच येते. दुसरीच्या वर्गात दोनाचा पाढा घ्यायचा असेल, तर पायांची एक अदलाबदल म्हणजे दोन. दहापर्यंत गेलं की धाप लागते आणि वीस तोंडावर असतं. बिल्लसचे चौकोन खडूने फरशीवर काढले की शून्य ते वीसची संख्यारेषा तयार. सातावर उभं राहून पाच उड्या पुढे, तीन मागे. मूल बेरीज-वजाबाकी पायाने करतं, आणि चुकलं तर पाटी न पाहता अख्ख्या वर्गाला दिसतं. आठ-दहा मिनिटांत धडा होतो आणि घामही येतो.

याने अभ्यास बुडतो का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न घेऊन दुसरी-तिसरीच्या वर्गांवर दोन वर्षं प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, वीस ते तीस मिनिटं, गणित आणि भाषा उड्या मारत, जागेवर धावत. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गणित आणि शुद्धलेखनात ही मुलं इतरांपेक्षा सुमारे चार महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे होती, वाचनात फरक पडला नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००५ मध्ये रोज वीस मिनिटं सक्तीची केली. टोरांटोत पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून कमी मुलांना ती खरोखर रोज मिळत होती. श्रीमंत प्रांतातही फतवा वर्गात शिरायला अडखळला. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स शाळेचा ‘डेली माइल’ मात्र २०१२ पासून जगभर पसरला. मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी नियमच सोपे ठेवले: पंधरा मिनिटं, आहे त्या कपड्यांत, आपल्याच बाईंबरोबर, खेळाचा वेगळा पोशाख नाही, स्पर्धा नाही.

२०२४ मध्ये एनसीईआरटीने तिसरीसाठी ‘खेल योग’ हे शारीरिक शिक्षणाचं पाठ्यपुस्तक काढलं. प्राथमिक मुलाच्या दप्तरात या विषयाला स्वतःचं पुस्तक मिळालं, हा मोठा बदल. पण दुसऱ्याच वर्षी छत्तीसगढमध्ये युक्तियुक्तकरणाच्या, म्हणजे शाळा-शिक्षकांच्या फेरमांडणीच्या, निमित्ताने जे आकडे बाहेर आले, त्यांत एकाच शिक्षकावर चालणाऱ्या प्राथमिक शाळा साडेसहा हजारांहून अधिक होत्या. अशा गुरुजींना आणखी एक विषय दिला तर तो वेळापत्रकावर दिसेल, वर्गात नाही. त्यांना उपयोगाची आहे ती पाचही वर्गांना एकत्र चालवता येईल अशी रीत, आणि तशी रीत त्यांच्या गावातल्या पोरींना आधीच येते.

तेव्हा या पंधरा वर्षांचा हिशोब असा मांडता येतो. मैदानं झाली, दिवस ठरले, उत्सव झाले, पुस्तक आलं. यातलं काहीच वाया गेलं नाही, पण रोजचं असं काही हाती लागलं नाही, कारण दर वेळी काम वर्गशिक्षकाला वळसा घालून झालं. पुढचा आदेश इंद्रावती भवनातून निघेल तेव्हा त्यात नवं नाव, नवा वार नसला तरी चालेल. संकुल समन्वयक शाळेला भेट देतात तेव्हा शनिवारच्या कार्यक्रमाचे फोटो मागतात. त्याऐवजी सोमवारच्या गणिताच्या तासाला मुलं किती वेळा उठली, एवढंच त्यांनी विचारावं, आणि संकुलाच्या मासिक बैठकीत एका शिक्षकाने दुसऱ्यांना तो तास करून दाखवावा. याला ना अनुदान लागतं, ना मैदान. लागते ती शिक्षकावर सोपवण्याची तयारी, आणि ती आजवरच्या एकाही योजनेने दाखवलेली नाही.