शिरोरेषा कशाला टांगलीय?

मंडळी, तुम्ही दुकानाची पाटी वाचता, मी ती भिंतीला कशी धरलीय ते बघतो. धंद्याची खोड आहे. आमच्या कारखान्यात हॉटेलच्या दारातले फायबरचे मासे बनतात, सिमेंटची खोटी वडाची झाडं बनतात. पण आज अक्षरांबद्दलच बोलतो.

2022 साली राज्याचा कायदा बदलला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि आमच्या दारात रांग लागली. तोवर आमचा हात इंग्रजी अक्षरांवर बसलेला.

इंग्रजी अक्षर सुटं असतं. कापलं, लावलं, पुढचं घेतलं. देवनागरीत अख्खा शब्द एका आडव्या पट्टीला लोंबकळतो. 'गणेश' घ्या. ग, ण, श, तिन्हींचे दंड उरलेल्या अक्षरापासून सुटे, फक्त वर शिरोरेषेने धरलेले. डिझायनरने नाजूक फॉन्ट निवडलेला असतो, पडद्यावर छान दिसतो. तोच कापून हातात घेतला की दंड बोटाने लवतो. म्हणून आमचं सकाळचं पहिलं काम म्हणजे फाइल उघडून शिरोरेषा जाड करणं आणि ग्राहकाची समजूत काढणं. दुसरं काम सोपं आणि जास्त वेळा फसतं. अनुस्वार कशालाच चिकटलेला नसतो, त्याला स्वतःचा स्क्रू लागतो. एका पावसाळ्यात आमच्या 'आनंद'चा 'आनद' झाला होता. (हशा)

आता खरी गंमत. अॅक्रिलिक उन्हात वाढतं. 8 फुटी शिरोरेषा 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ 5 मिलिमीटर लांबते. सुट्या अक्षरांत हे कळतही नाही, कारण प्रत्येक अक्षर आपापल्या जागी थोडंसं फुगतं. अखंड शब्द मात्र दोन्ही टोकांना ओढ घेतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मी भोकं अगदी स्क्रूच्या मापाची पाडली, आणि मे महिन्यात ग्राहकाचा फोन आला: पट्टी स्क्रूपाशी तडकलीय. माझ्याच पदरचं भरून दिलं. आता मधलं एक भोक घट्ट, बाकीची लांबट. शब्द 8 फुटांपेक्षा मोठा असेल तर जोड दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मागून पट्टी देऊन. दंडाच्या डोक्यावर जोड कधीच नाही.

ग्राहक म्हणतो, मागे एक मोठा पत्रा लावा, रंग उठून दिसेल. दिसतोच. पण सुट्या अक्षरांमधून वारा निघून जातो, पत्र्याला तो पूर्ण लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. ते अवाढव्य होतं, आमची पाटी 10 फुटांची. तरी तिच्याखालून माणसंच जातात.

त्यामुळे पोरांना एकच सांगून ठेवलंय. ड्रिलमधून नुसती करडी भुकटी येत असेल तर अजून गिलाव्यातच आहात. विटेची भिंत असेल तर लाल भुकटी यायला लागेपर्यंत आत जा. गिलाव्यात बसलेला स्क्रू त्या दिवशी घट्टच वाटतो, पैसेही मिळतात. आणि भुकटी नुसतीच करडी येत राहिली, तर शिडीवरून उतरून मालकाला भिंत कशाची आहे ते विचारा.