शेवळांसोबत काकडं

मृगाचा पाऊस पडला की पेणच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. कुणाच्या पाटीत भारंगी, कुणाच्या टाकळा, पण पहिले चार दिवस मान शेवळांचा. गेल्या जूनमध्ये मी दोन जुड्या उचलल्या आणि पैसे पुढे केले, तर मावशींनी ते घेतलेच नाहीत. "काकडं घेतलीस का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी पाटीच्या तळातून आंबट, हिरव्या फळांची मूठ काढून माझ्या पिशवीत टाकली. "ही नाय घातलीस तर घसा धरील. आतला पिवळा भाग काढून टाक. बारीक चिर, तेलावर चांगली परत, मग काकडांचा रस घाल." एवढं सांगून झाल्यावर पैसे घेतले आणि मागून आवाज दिला, "पुढच्या बुधवारी करटोली आणते."

खाल्ल्यावर काय बाधेल, बाधू नये म्हणून सोबत काय घ्यावं आणि गिऱ्हाइकाने पुन्हा कधी यावं, एवढं सगळं त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. मार्केटिंगच्या अभ्यासक्रमात हे शिकायला दोन वर्षं आणि काही लाख रुपये लागतात. रोह्याच्या मासळी बाजारातही हेच दिसतं. मांदेलीचा वाटा कसा मांडायचा, भवानीच्या गिऱ्हाइकाला किती सोडायचं, कोळंबी कालची असेल तर नेहमीच्या बाईला ते आधीच सांगून टाकायचं, हे कोळणी आईच्या शेजारी बसून शिकतात. तरीही 'मार्केटिंगमधल्या स्त्रिया' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतल्या काचेच्या कचेऱ्याच येतात. या बायका त्या शब्दात बसत नाहीत. विकणारी म्हणून त्यांना कुणी धरत नाही आणि विकत घेणारी म्हणूनही धरत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी रोह्यात आईसाठी मिक्सर घ्यायला आम्ही तिघं गेलो होतो. पैसे आईचे, शिवणकामाचे, रुमालात बांधलेले. दुकानदार मात्र अर्धा तास माझ्या भावाशी बोलत होता. मोटर किती वॅटची, वॉरंटी किती वर्षांची, सगळं भावाला. आईचा प्रश्न एकच होता, ओल्या नारळाचं वाटण गंधासारखं होतं का? त्याला उत्तर मिळालं नाही. आई काही न घेता बाहेर पडली. दुकानदाराचं एक गिऱ्हाईक गेलं आणि ते का गेलं हे त्याला आजही ठाऊक नसेल.

एकट्या दुकानदाराला बोल लावून भागणार नाही. त्याच्यामागे मोजणीची एक पद्धत उभी आहे. आपल्या देशात जाहिरात कुणासाठी करायची हे ठरवण्यासाठी घरांचे वर्ग पाडतात. बरीच वर्षं चालत आलेल्या एनसीसीएस या पद्धतीत ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा वर्ग आहेत. घर कोणत्या वर्गात बसतं हे दोनच गोष्टींवर ठरतं: घरखर्चाचा सर्वांत मोठा वाटा उचलणाऱ्या माणसाचं शिक्षण आणि अकरा वस्तूंच्या यादीतल्या किती वस्तू घरात आहेत. यादीत वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन आहे.

आता पेण तालुक्यातलं एखादं घर घ्या. नवरा धाटावच्या एमआयडीसीत ठेक्यावर कामाला, शिक्षण नववी. बायको बी.ए., गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते, बचत गटाचा हिशोब लिहिते, मुलांच्या वह्यांपासून साबणापर्यंत सगळं तीच आणते. मोजणीत घराचं शिक्षण नववी. तिचं बी.ए. कुठेच नाही. भारतातल्या बहुतेक घरांत सर्वांत मोठा वाटा उचलणारा म्हणून पुरुषाचंच नाव लागतं, त्यामुळे चूक एका घरापुरती राहत नाही. मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने अलीकडे आयसेक नावाची नवी वर्गवारी आणली. तिच्यात घरातल्या सर्वाधिक शिकलेल्या स्त्रीचं शिक्षण वेगळं विचारतात. हा बदल छोटा वाटेल, पण मला तो फार मोठा वाटतो. आधीच्या मोजणीत त्या बी.ए.ला रकानाच नव्हता.

या खरेदी करणाऱ्या बाईला कुणी ओळखलंच नाही असंही नाही. ऐंशीच्या दशकात स्वस्त निरमाने सर्फचा बाजार खाल्ला, तेव्हा अलेक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीने ललिताजी उभी केली. कविता चौधरींनी साकारलेली ही गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि साबणाची पावडर मात्र महागातली घेते. कंजूषपणा आणि चोखंदळपणा यांत फरक असतो, हे त्या जाहिरातीने ओळखलं होतं. पदमसींनी हे पात्र स्वतःच्या आईवरून घेतलं होतं. घरातल्या बाईकडे नीट पाहिलं म्हणून सर्फ तगला.

आता विकणाऱ्या बाईकडे वळू. पेणचं नाव गणपतीइतकंच पापडांनी आणि पोह्यांनी झालं आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणारी गाडी वडखळच्या आसपास थांबते ती पोह्याचे पापड आणि मिरगुंड घ्यायला. पुड्यावर गावाचं नाव असतं, मालकाचं नाव असतं. उन्हं तापायच्या आत ज्यांनी लाट्या करून पापड लाटले त्यांचं नाव नसतं, आणि त्यांतल्या बहुतेकींना मजुरी किलोवर मिळते.

याच धंद्याची दुसरी वाट फार लांब नाही. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात जणींनी गच्चीवर बसून उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. तिथे लाटणारी बाई मजूर नसते, भागीदार असते. मळलेलं पीठ घरी न्यायचं, वाळलेले पापड आणून द्यायचे आणि नफ्यात वाटा घ्यायचा. जाहिरातीतल्या, रामदास पाध्यांच्या बोलक्या सशाने हे नाव घरोघर पोचवलं, आणि त्या जाहिरातीने विकलेल्या पापडाचा फायदा लाटणाऱ्या हातांपर्यंत गेला. पेणच्या पापडाची चव कुठे कमी आहे असं मला वाटत नाही. कमी आहे ती मालकी.

मालकी मिळाली नसली, तरी बातमी आणि मासिकांच्या जगात मराठी बायका उशिरा आल्या असं म्हणता येत नाही. वृत्तपत्राची पहिली भारतीय स्त्री संपादक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'दीनबंधू' चालवला. १९३०मध्ये किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं. पुढे त्याच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. वाचणारी बाई विचार करते, हे गृहीत धरून ही मासिकं निघाली. पण निर्णयाच्या टेबलाशी बायका नसल्या की काय होतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि बांगड्या करमुक्त होत्या, सॅनिटरी पॅडवर मात्र १२ टक्के कर होता. तो हटायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं, तेही बायकांनी आरडाओरडा केल्यावर.

२०२४च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. योजनेच्या राजकारणात मी शिरत नाही. पण पैसे कुणाच्या नावावर येतात याने बाजार बदलतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास ७९ टक्के जणींनी स्वतः वापरत असलेलं बँक खातं असल्याचं सांगितलं, स्वतः वापरत असलेला मोबाइल मात्र ५४ टक्के जणींकडेच होता. खातं तिचं, फोन दुसऱ्याचा. आणि आजच्या जाहिराती धावतात त्या फोनमागे.

म्हणून पेण-रोह्याच्या व्यापाऱ्यांना आणि पापडाच्या कारखानदारांना माझी विनंती आहे. दुकानात बाई आली की प्रश्न तिला विचारा आणि उत्तरही तिलाच द्या. पुड्यावर चार ओळींची जागा असते, तिथे ज्या गटाने पापड लाटले त्याचं नाव छापा. आणि वाचकहो, येत्या जूनमध्ये पेणला शेवळं घ्याल तेव्हा घासाघीस जरा कमी करा. त्या भावात काकडं धरलेली असतात आणि कृतीही.