सीझन सहा आठवड्यांचा, खर्च बारा महिन्यांचा: पांढऱ्या अस्वलांच्या गावाकडून शिकायचं गणित



सीझनल धंद्यावर व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, सीझन संपला की पुढे काय?" राख्या विकणारे विचारतात, आंब्याच्या पेट्या विकणारे विचारतात, रेनकोट-छत्र्यावाले विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर सुरू होतं सीझनच्या आतून, म्हणून आज एक टोकाचं उदाहरण घेऊ. इतकं टोकाचं, की त्यात धंद्याचा प्रत्येक सांधा उघडा दिसतो.

कॅनडात चर्चिल नावाचं एक गाव आहे. तिथे ध्रुवीय अस्वलं, म्हणजे आपण ज्यांना पांढरी अस्वलं म्हणतो ती, बघायला जगभरातून लोक येतात. सीझन साधारण ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य, मोजून सहा-सात आठवडे. माल गावाच्या मालकीचा नाही. तो कधी येईल, कधी जाईल हे गावाच्या हातात नाही. तरी या धंद्यावर गाव चाळीसहून जास्त वर्षं उभं आहे.

गाव कुठे आहे?

चर्चिल मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८७०. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. बाहेरून गावात येणारा रस्ताच नाही. प्रांताची राजधानी विनिपेग. तिथून विमानाने दोन-अडीच तास, किंवा रेल्वेने सुमारे १७०० किलोमीटर, म्हणजे जवळपास दोन दिवस. भाजी, डिझेल, सिमेंट, सगळं रेल्वेने, जहाजाने नाहीतर विमानाने येतं.

गावाची कमाई आधी वेगळी होती. १९४२ मध्ये तिथे लष्करी तळ आला आणि पुढे काही हजार माणसं राहायला आली. १९३१ पासून बंदरातून गहू बाहेर जायचा, पण समुद्र गोठतो म्हणून बंदर चालायचं फक्त उन्हाळ्याचे काही महिने. पुढे तळ बंद झाला, माणसं गेली. उरलं काय? बंदर, थोड्या सरकारी नोकऱ्या, आणि कचराडेपोवर येणारी अस्वलं. त्या काळात गावाच्या लेखी अस्वल ही कटकट होती. गावात शिरलं की गोळी घालायची, असाच रिवाज होता.

आता बघा, माल तोच, जागा तीच. मग बदललं काय?

अस्वलं तिथेच का येतात?

आपला माल कुठून येतो हे ज्याला कळत नाही, त्याला सीझन कळत नाही. म्हणून हे दोन मिनिटं समजून घ्या.

ध्रुवीय अस्वल जगतं सीलच्या चरबीवर, आणि सील पकडायला त्याला समुद्रावरचा बर्फ लागतो. हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. मग अस्वलांना जमिनीवर यावं लागतं. तिथे त्यांना पुरेल असं खाणं जवळपास नाही, त्यामुळे साधारण चार महिने उपास. या काळात मोठं अस्वल रोज सुमारे एक किलो वजन घटवतं. पोटुशी मादी तर थंडीत समुद्राकडे न जाता गुहेत पिल्लं घालते. तिचा उपास आठ महिन्यांपर्यंत जातो.

ऑक्टोबर उजाडला की अस्वलं किनाऱ्याकडे सरकतात. चर्चिल नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या आधी गोठतं आणि उपसागरातला प्रवाह बर्फ या किनाऱ्याला आणून लावतो. म्हणून इथे बर्फ लवकर धरतो. अस्वलं इथे येऊन वाट बघत बसतात. बर्फ पक्का झाला की एक-दोन दिवसांत निघून जातात. गावाचा सीझनही तिथेच संपतो.

म्हणजे अस्वलाचा धंदासुद्धा सीझनलच! वसंतात सीलवर कमवायचं, चरबीत साठवायचं आणि पुढचे महिने त्या बचतीवर काढायचे.

गॅरेजवाल्याने काय केलं?

टंड्रा म्हणजे झाडं नसलेला, वर दलदल आणि खाली कायम गोठलेली माती असलेला प्रदेश. साधी गाडी त्यात रुतते आणि जमीनही फाडते. पायी जावं तर अस्वल समोर. १९७९ च्या सुमारास गावातल्या लेन स्मिथ या मेकॅनिकने जुन्या अवजड गाड्यांचे भाग जोडून एक गाडी बनवली. माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारी रुंद टायरं, खिडक्या अस्वलाच्या आवाक्याच्या वर, मागे उघडा कठडा. हीच पुढे टंड्रा बग्गी झाली. आजच्या बग्गीत चाळीसपर्यंत माणसं बसतात, हीटर असतो, शौचालय असतं. गिऱ्हाइकाला दिवसभर खाली उतरायचंच नसतं.

सुरुवातीचं गिऱ्हाईक कोण, तर फोटोग्राफर. त्यांचे फोटो मासिकांत छापून आले. १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा माहितीपट आला. मग पर्यटक आले. आधी असं गिऱ्हाईक, जे दहा जणांना दाखवेल. त्यानंतर ते दहा जण. तुमच्या गावात हलवायाचं दुकान असेल तरी क्रम हाच असतो. आजही तिथे सीझनमध्ये अस्वलांचं थेट चित्रण इंटरनेटवर फुकट दाखवतात. फुकट बघणाऱ्या लाखांतून काही जण तिकीट काढतात.

१८ गाड्या, एकही जास्त नाही

आता मुख्य मुद्दा. मॅनिटोबा सरकारने या संरक्षित भागात टंड्रावरच्या गाड्यांचे परवाने १८ वर थांबवले आहेत. गर्दी कितीही असो, एकोणिसावी गाडी नाही. त्या बऱ्याच अंशी लष्कराच्या काळात पडलेल्या जुन्या वाटांवरूनच फिरतात. अस्वलाला खाऊ घालणं, आमिष दाखवणं मना. बग्गी थांबून राहते. अस्वलाला वाटलं तर ते जवळ येतं.

तुम्ही म्हणाल, यात धंद्याचं नुकसान नाही का? हिशोब करून बघा. सीझन ४५ दिवसांचा धरा. गाडीचं कर्ज, विमा, गॅरेजचं भाडं मात्र ३६५ दिवस. म्हणजे कमाईच्या एका दिवसावर आठ दिवसांचा खर्च बसतो. याला मी 'सीझनचा भागाकार' म्हणतो. ३६५ भागिले तुमच्या कमाईचे दिवस. भागाकार आठ असताना गाड्या वाढवून भाव पाडले तर सगळेच बुडतात, आणि शंभर गाड्यांच्या घोळक्यात अस्वल बघायला एवढ्या लांब कोण येणार? मर्यादा आहे म्हणून एका दिवसाच्या फेरीला काही शे डॉलर मिळतात, आणि मुक्कामासकट पॅकेजला काही हजार.

उलट टोकाचं उदाहरण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचं. तिथे १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचा कायदा आहे आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर. ज्या बोटवाल्यांनी 'अगदी जवळून दाखवतो' हेच विकलं होतं, त्यांना अख्खी जाहिरात बदलावी लागली. आपली मर्यादा आपण आधी आखली तर धंदा तिच्याभोवती बसवता येतो. दुसऱ्याने आखली तर धावपळ होते.

परवाना नाही, मग मी काय करू?

१८ परवाने मोजक्या कंपन्यांच्या हातात आहेत. बाकी गाव हातावर हात ठेवून बसलेलं नाही. कुणाचं हॉटेल, कुणाची खाणावळ, कुणाची कुत्र्यांनी ओढायची गाडी, कुणी व्हॅनमधून गाव दाखवतं, कुणी गाईड. जाड कोट आणि बूट भाड्याने किंवा पॅकेजमध्ये मिळतात, कारण सहा दिवसांसाठी असला कोट विकत कोण घेणार? मोठ्या धंद्याच्या आजूबाजूला अशा दहा छोट्या गरजा असतात. भांडवल कमी असणाऱ्याने तिथे बघायचं.

अजून एक गोष्ट नीट बघा. 'अस्वल दिसेलच' अशी हमी जंगली प्राण्याची देता येत नाही. म्हणून दिवस विकला जातो तो टंड्राचा: गरम गाडी, गरम सूप, ध्रुवीय कोल्हा, बर्फाळ पक्षी आणि समजावून सांगणारा गाईड. जे हातात आहे त्याची हमी, जे नाही त्याबद्दल आधीच स्पष्ट बोलणं. परतावा मागणारं भांडण इथेच टळतं.

गावाची शिस्त

एक माणूस अस्वलाच्या हल्ल्यात गेला, तर धंदाही धोक्यात आणि अस्वलंही. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे सरकारी अस्वल-इशारा पथक आहे. २४ तास फोन. गावात शिरलेल्या अस्वलाला आधी आवाज करून हाकलतात. नाही ऐकलं तर पकडून एका इमारतीत ठेवतात. लोक तिला गमतीने अस्वलांचा तुरुंग म्हणतात. तिथे पाणी मिळतं, खाणं नाही. खाणं दिलं तर अस्वल पुन्हा येईल. नंतर हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडतात. गावातले बरेच जण गाडीचं दार कुलूप न लावता ठेवतात, कारण पळणाऱ्या माणसाला आत शिरता यावं. उघडा कचराडेपोही बंद केला. १९८३ नंतर चर्चिलमध्ये अस्वलाच्या हल्ल्यात कुणाचा जीव गेलेला नाही. या सगळ्याची पावती कुणी फाडत नाही, पण तिकिटाचा भाव याच्यावरच उभा आहे.

उरलेले महिने

गावाने दुसरे सीझन शोधले. जुलै-ऑगस्टमध्ये नदीच्या मुखाशी हजारोंनी पांढरे बेलुगा देवमासे येतात, त्यांच्यासाठी बोटी. जानेवारी ते मार्च आकाशातला उत्तरी प्रकाश, त्यासाठी रात्रीच्या सहली. तीच हॉटेलं, तेच गाईड, तोच स्वयंपाकी. नवीन धंदा काढला नाही, आहे त्याच साधनांना दुसरं गिऱ्हाईक लावलं. ४५ दिवसांचे १५० झाले तर भागाकार आठवरून अडीचच्या खाली येतो.

पण एकच वाट असण्याचा धोका राहतोच. मे २०१७ मध्ये पुराने रेल्वेमार्ग वाहून गेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २०१८ ची अखेर उजाडली. तोवर किराणा महागला, इंधन जहाजाने भरून ठेवावं लागलं. पुढे ती लाईन आणि बंदर मूळनिवासी समाज आणि स्थानिक गावं भागीदार असलेल्या गटाने विकत घेतलं.

आणि आता खरी काळजी

पश्चिम हडसन उपसागरातली अस्वलं १९८७ मध्ये सुमारे १२०० होती. २०१६ च्या अंदाजात ८४२. २०२१ मध्ये ६१८. तापमान वाढतंय, बर्फ लवकर वितळतो, उशिरा धरतो. उपासाचे दिवस वाढतात आणि पिल्लं कमी जगतात. अस्वलांच्या भाषेत सांगायचं तर सीझन छोटा आणि खर्चाचे दिवस जास्त.

यात एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती झाकू नये. गिऱ्हाईक येतं विमानाने, आणि ते इंधन जाळणं हा त्याच तापमानवाढीचा भाग आहे. गावातल्या एका मोठ्या कंपनीने २०२१ मध्ये एक बग्गी विजेवर चालणारी केली. चांगली सुरुवात, पण विमानाचा प्रश्न त्याने सुटत नाही. १८ गाड्यांची मर्यादा अस्वलाला त्रासापासून वाचवते, बर्फ मात्र वाचवू शकत नाही. बेलुगा आणि उत्तरी प्रकाश यांच्याकडे गाव वळतंय, त्याला हेही एक कारण समजा. धंदा जिवंत असतानाच पुढची तयारी करायची असते.

तुमचा गृहपाठ

वही घ्या आणि पाच ओळी लिहा.

१. माझ्या कमाईचे खरे दिवस किती? ३६५ ला त्याने भागा.
२. माझा माल कशावर अवलंबून आहे? पाऊस, सण, लग्नसराई, एखादा रस्ता, एखादा पुरवठादार?
३. ते टिकावं म्हणून मी काय करतो? की फक्त वापरतो?
४. आहे ती जागा, मशीन, माणसं वापरून दुसऱ्या कोणत्या महिन्यात कोणतं गिऱ्हाईक येईल?
५. मी कुठे थांबणार? किती ऑर्डर, किती उधारी?

तिसऱ्या ओळीला सगळे अडतात. अडलात तर दोन दिवस घ्या, पण रिकामी सोडू नका. हापूसवाल्याने तिथे बागायतदाराला वेळेवर पैसे देणं लिहावं, कोळ्याने पावसाळ्यात जाळं न टाकणं लिहावं. तुमचा भागाकार किती आला ते कमेंटमध्ये टाका. आठच्या वर असेल त्यांच्यासाठी पुढचा व्हिडिओ करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर हिशोब रोज लिहा.