मैदानानंतरची झुंज : क्रिकेटपटू विनोद कांबळी

• जन्म १८ जानेवारी १९७२. १७ कसोटींत १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. अखेरची कसोटी १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी.

• २०१२ मध्ये अँजिओप्लास्टी, २०१३ मध्ये हृदयविकाराचा झटका. डिसेंबर २०२४ मध्ये भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या. १ जानेवारी २०२५ ला घरी. निघताना आवाहन : दारूपासून दूर राहा.

• दारूचं व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं ती डॉक्टरांविना एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं : फिट येते, भ्रम होतो.

• उपचारांसाठी पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र : १९८६ पासून.

• मदतीसाठी मोफत फोन : व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी (टेलि-मानस) १४४१६.