जुना संगणक आणि जाळ्यातील छपाईयंत्र

पीक विम्याची मुदत जवळ आली की रावेर-यावलचा केळी बागाईतदार काय किंवा शिरपूरचा कापूस उत्पादक काय, उताऱ्याच्या छापील प्रतीसाठी केंद्रावर खोळंबतो. तेथील संगणक जुना, ‘विंडोज ७’ प्रणालीचा असल्यास जाळ्यातील छपाईयंत्र त्यास आपोआप सापडेलच असे नाही. अशा वेळी ते हाताने जोडून घ्यावे.

प्रथम छपाईयंत्रातून त्याच्या जोडणीचा तपशील छापून घेऊन त्यावरील आयपी क्रमांक टिपावा. नंतर ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’मध्ये ‘अ‍ॅड अ प्रिंटर’ निवडावे. पुढे, नाव फसवे असले तरी, ‘लोकल प्रिंटर’ हाच पर्याय घ्यावा व नवीन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ करून तो क्रमांक लिहावा. ड्रायव्हर संगणकातील प्रणालीप्रमाणे ३२ किंवा ६४ बिटचाच हवा.

खरी मेख पुढेच आहे. वीज जाऊन परत आली की राउटर छपाईयंत्रास कधीकधी नवाच क्रमांक देतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर काम धाडीत राहतो आणि यंत्र बिघडले असा समज होऊन रांग परत जाते. याकरिता राउटरमध्ये तो क्रमांक त्या यंत्रासाठी राखून ठेवावा व चिठ्ठीवर लिहून यंत्रास चिकटवावा.

‘विंडोज ७’ला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. तेव्हा आधार व बँक खात्याची कामे नव्या संगणकावर करावीत. जुन्याकडे छपाईच ठेवावी.